शॉर्ट थ्रो शिफ्टर घरी बसवताना: गिअर अर्धवट पडू नये म्हणून

तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात जवळजवळ मागच्या सीटपर्यंत जातो, हा छोट्या मॅन्युअल गाड्यांचा जुना त्रास. शॉर्ट थ्रो शिफ्टर बसवला की हे अंतर कमी होतं. गाडी त्यामुळे वेगवान होत नाही आणि गिअरबॉक्सही सुधारत नाही, फक्त मनगटाच्या हालचालीत गिअर पडतो. काम अवघडही नाही. साधे पाने वापरता येणाऱ्या माणसाला पहिल्या वेळी तीन-चार तास लागतात, दुसऱ्या वेळी निम्मे.

तरीही हे काम बिघडतं, आणि जवळपास नेहमी एकाच जागी बिघडतं. दांडा आत झोकात हलतो, पण पलीकडे गिअरबॉक्सवरची भुजा पूर्ण फिरत नाही. गिअर पडल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात अर्धाच पडलेला असतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी ज्या खुणांबद्दल पुन्हापुन्हा बोलणार आहे, त्या कंटाळा न करता करा.

तरफेचा हिशोब

शाळेतली तरफ आठवा. गिअरचा दांडा म्हणजे तरफच. मध्ये टेकू, वर तुमचा हात, खाली केबल. समजा टेकूपासून नॉबपर्यंत २४० मिलिमीटर आणि टेकूपासून खाली केबलच्या पिनपर्यंत ६० मिलिमीटर. प्रमाण चारास एक. केबलला एका गिअरमधून समोरच्या गिअरमध्ये जायला ३० मिलिमीटर हलावं लागत असेल, तर नॉब १२० मिलिमीटर फिरतो.

आता दांड्याची लांबी तेवढीच ठेवून टेकू १५ मिलिमीटर वर सरकवला. वरची भुजा २२५, खालची ७५, म्हणजे प्रमाण तीनास एक. केबल तितकीच, ३० मिलिमीटर हलते, पण नॉब ९० मिलिमीटरच फिरतो. हालचाल पंचवीस टक्के कमी झाली.

हे फुकट मिळत नाही. आधी नॉबवर तीन किलोचा जोर लागत असेल तर आता चार किलोचा लागेल. हालचाल चाळीस टक्के घटवणारा किट घेतला तर जोर सुमारे सदुसष्ट टक्क्यांनी वाढतो, आणि निम्म्यावर आणणाऱ्या किटमध्ये तो दुप्पट होतो. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा कधीच नसतो. रोजच्या गर्दीत चालवायच्या गाडीला वीस ते तीस टक्क्यांचा किट पुरतो. त्यापुढे गेलात तर थंड इंजिनावर सकाळी पहिला गिअर टाकताना दात-ओठ खाल.

दांडा वरून कापून नॉब खाली आणायचा, हा स्वस्तातला उपाय बरेच जण करतात. वरची भुजा २४० वरून २०० झाली की हालचाल साधारण सतरा टक्के कमी होते. पण कापल्यावर नवे आटे पाडावे लागतात, आणि नॉबखालची कडी ओढून रिव्हर्स पडणारी गाडी असेल तर ती यंत्रणा दांड्यातूनच खाली जाते. अशा गाडीत करवत लावू नका.

आधी बुश बघा

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दांडा दोन बोटांनी हलवा. मग गिअर टाकून हलवा. गिअरमध्ये असतानाही दांडा ढिल्या दातासारखा लुटूलुटू हलत असेल तर दोष लांब हालचालीचा नाही, झिजलेल्या बुशचा आहे. केबलच्या टोकांवर आणि बेसखाली रबराचे किंवा प्लास्टिकचे बुश, म्हणजे जोडाच्या भोकात बसणाऱ्या नळकांड्या, असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सैल होतात, आणि हाताच्या हालचालीतला बराच भाग हा प्ले, म्हणजे सैलपणाची मोकळी हालचाल, भरून काढण्यातच जातो. नवे बुश टाकले की कित्येकांना शिफ्टर बदलायची गरजच वाटत नाही. झिजलेल्या बुशवर शॉर्ट शिफ्टर बसवणं तर उलटंच. हालचाल कमी, प्ले तेवढाच, म्हणजे उरलेल्या हालचालीत प्लेचा वाटा वाढला.

पितळी किंवा कडक पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. त्यांनी गिअर नेमका पडतो, पण इंजिनाची थरथर नॉबपर्यंत येते. केबलच्या टोकांना कडक आणि बेसखाली मूळ रबरी, ही माझ्या आवडीची जोडी.

आणखी एक गोष्ट. गिअर टाकताना खरखर होत असेल तर आधी तिचं कारण शोधा. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखरला तर क्लच नीट सुटत नाही. रिव्हर्स शांत पडतो, पण चालत्या गाडीत एखाद्याच गिअरला, समजा दुसऱ्याला, खरखर येते तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजलेली असण्याची शक्यता जास्त. या दोन्ही गोष्टी शिफ्टरने बऱ्या होत नाहीत. सिंक्रो तर लवकर संपते, कारण दोन गिअरचा वेग जुळायला तिला क्षणभर लागतो आणि छोट्या दांड्याने आपण तो क्षण खाऊन टाकतो.

तुमच्या गाडीचा प्रकार

पुढची चाकं फिरवणाऱ्या बहुतेक आधुनिक छोट्या गाड्यांत दोन केबल असतात. एक मागेपुढे, म्हणजे गिअर टाकणारी, आणि दुसरी डावी-उजवीकडे, म्हणजे गिअरची ओळ निवडणारी. हा लेख मुख्यतः या प्रकाराबद्दल आहे. किट दोन जागी बसू शकतो. पहिली जागा गाडीच्या आत, दांड्याच्या बेसमध्ये. दुसरी बॉनेटखाली, गिअरबॉक्सवरच्या भुजेवर. भुजेवरचा किट केबलची पिन शाफ्टच्या जवळ आणतो. शाफ्ट तेवढाच कोन फिरतो, पण केबलला कमी हलावं लागतं. तो बसवायला सोपा. मात्र मूळ भुजेवर लोखंडाचं जड वजन असेल आणि किटमध्ये ते नसेल, तर गिअर पडतानाचा मऊपणा कमी होतो. ते वजन तिथे शोभेसाठी नसतं.

जुन्या गाड्यांत केबलऐवजी लोखंडी रॉड असतो. त्याचं काम गाडीखाली शिरून करावं लागतं. मझदा एमएक्स-५ सारख्या मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरतो. तिथे केबल जुळवायची कटकट नाही, पण दांडा काढल्यावर गिअरबॉक्सचं तोंड उघडं पडतं. एखादा वॉशर आत पडला तर उरलेली संध्याकाळ चुंबक आणि तारेबरोबर जाते. दांडा वर आला की लगेच तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तिथले रबरी बूट (दांड्याभोवतीची लवचिक झाकणं) फाटलेले असतील तर त्याच वेळी बदला.

सामान

सॉकेट आणि रॅचेट, स्क्रूड्रायव्हर, नाकाडी पक्कड, सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीची) पक्कड, प्लास्टिकच्या पट्ट्या (लोखंडी स्क्रूड्रायव्हरने कन्सोलवर, म्हणजे दोन सीटमधल्या प्लास्टिकच्या आवरणावर, ओरखडे पडतात), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), ग्रीस, निळा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव), पांढरा करेक्शन पेन, मोजपट्टी, मोबाइल. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, कारण साध्या पेट्रोलियम ग्रीसने काही रबरं फुगतात. नायलॉन आणि धातूच्या जागी पांढरं लिथियम ग्रीस चालतं. तुमच्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल मिळाली तर उत्तम. टॉर्कचे आकडे त्यातलेच घ्या.

सुरुवात खुणांपासून

गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नंतर गिअर काढावा लागणार आहे आणि कन्सोल उतरवताना हँडब्रेकही सोडावा लागू शकतो, म्हणून एकट्या हँडब्रेकवर विसंबू नका. इंजिन आणि सायलेन्सर थंड असू द्या.

आता बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याखाली किंवा बॅटरीच्या ट्रेजवळ गिअरबॉक्सवरची भुजा दिसते. इंजिन बंदच ठेवून एकाला आत बसवा. त्याला क्लच दाबून न्यूट्रल, तिसरा, चौथा असे गिअर टाकायला सांगा. प्रत्येक वेळी भुजेचं टोक जिथे थांबतं, तिथे शेजारच्या न हलणाऱ्या भागावर करेक्शन पेनने बारीक रेघ ओढा. भुजा हलत असताना बोटं लांब. हेच ओळ निवडणाऱ्या भुजेसाठीही करा: पहिल्याची ओळ, पाचव्याची ओळ, रिव्हर्सची ओळ. हात पोचत नसेल तर मोबाइल एकाच जागी टेकवून प्रत्येक स्थितीचा फोटो काढा. गाडीच्या आत नॉब किती फिरतो तेही मोजून लिहून ठेवा. किटने काय दिलं हे शेवटी कळेल.

या रेघांना दहा मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या कामात मी त्या ओढल्या नव्हत्या. सगळे गिअर झकास पडले, मी खूश. दुसऱ्या दिवशी चौथ्यात असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि दांडा टकदिशी न्यूट्रलमध्ये आला. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. सगळं परत उघडल्यावर कळलं की कन्सोलच्या वायरी बसवताना मी त्या दांड्याच्या खालच्या टोकापुढून नेल्या होत्या. मूळ दांड्याला त्या लागल्या नसत्या. नव्याची खालची भुजा लांब, म्हणून खालचं टोक जास्त खाली पोचतं आणि वायरींवर टेकून थांबतं. नॉब मागे, खालचं टोक पुढे, आणि चौथा अर्धवट. रेघा असत्या तर गॅरेजमध्येच दिसलं असतं.

उघडणे

इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटं थांबा. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बऱ्याच गाड्यांत कन्सोलखालच्या पत्र्याच्या उंचवट्यावर, दांड्याच्या पुढे किंवा मागे असतो. त्याचे कनेक्टर हलवू नका, आसपास हातोडी नको. तार काढल्यावर रेडिओ कोड मागणार असेल तर तो आधीच शोधून ठेवा.

मग नॉब. बहुतेक आट्यांचे असतात, उलटे फिरवले की निघतात. काही नॉब बुटाखाली पट्टीने आवळलेले असतात, काही नुसते दाबून बसवलेले. दाबून बसवलेला नॉब ओढताना तोंड बाजूला ठेवा. तो अचानक सुटतो आणि थेट ओठावर येतो. विनोदी वाटतं, पण टाके पडू शकतात.

बुटाची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचला. कन्सोलचे स्क्रू सहसा मागच्या ट्रेच्या तळाशी, कप होल्डरच्या रबराखाली आणि पुढे दोन्ही बाजूंना दडलेले असतात. कन्सोल उचलला जात नाही म्हणजे एक स्क्रू राहिलाय. जोर लावू नका, शोधा. खालच्या वायरींचे कनेक्टर काढण्याआधी त्या कुठून जातात याचा फोटो घ्या. का, ते वर सांगितलंच.

आता दांड्याचा बेस आणि दोन केबल समोर दिसतील. केबलचं टोक दोनपैकी एका तऱ्हेने अडकलेलं असतं. गोळीवर बसणारं प्लास्टिकचं खोबण असेल तर चपट्या पट्टीने सरळ वर उचला. तिरकं उचललं तर खोबण चिरतं, आणि मग काही गाड्यांत पूर्ण केबलच घ्यावी लागते. पिन आणि क्लिप असेल तर वॉशरचा क्रम लक्षात ठेवा. क्लिप काढताना वर फडकं धरा. या क्लिपा उडतात आणि सीटच्या रुळाखाली जाऊन बसतात. केबलची बाहेरची नळी बेसला यू आकाराच्या क्लिपने किंवा फिरवून बसणाऱ्या कडीने धरलेली असते, तीही सोडा. केबल तीव्र कोनात वाकवू नका.

बेसचे चार नट काढले की बहुतेक गाड्यांत तो वर येतो. काही गाड्यांत तो खालूनच निघतो, आणि त्यासाठी सायलेन्सरचा पाइप आणि उष्णतारोधक पत्रा उतरवावा लागतो. तुमची गाडी तशी असेल तर जॅकवर नुसती टांगून खाली शिरू नका, स्टँड लावा. किंवा सरळ बॉनेटखालच्या भुजेचा किट घ्या. मी तेच करेन.

टेबलावर

बेस टेबलावर घ्या. दांडा एका गोळ्यावर बसतो, गोळा नायलॉनच्या वाटीत, आणि दांडा मधल्या ओळीत आणणारी एक स्प्रिंग असते. स्प्रिंगचा कोणता पाय कुठे टेकतो याचा जवळून फोटो घ्या. सर्क्लिप काढा, जुना दांडा बाहेर, जुनं ग्रीस पुसून टाका. वाटीला चीर किंवा अंडाकृती झीज दिसली तर नवी घ्या. नवी वाटी गोळ्यावर चढत नसेल तर काही मिनिटं गरम पाण्यात ठेवा. नायलॉन मऊ होतं आणि हातानेच बसतं. हातोडीने ठोकलेली वाटी मात्र फुटते.

नवा दांडा जुन्याशेजारी ठेवून बघा. रिव्हर्सचा अडसर त्याच उंचीवर येतो का? ओळ निवडणाऱ्या केबलची पिन त्याच बाजूला आहे का? किटमध्ये टेकू वर उचलणाऱ्या चकत्या असतील तर लांब बोल्टही असलाच पाहिजे. आटे नटमधून पूर्ण बाहेर न येणारा जुना बोल्ट तिथे वापरू नका.

जोडल्यावर दांडा चारही दिशांना हलवा. तो अडखळता कामा नये आणि वरखाली खडखडताही कामा नये. धातूच्या आट्यांना लॉकटाइटचा एक थेंब पुरे. प्लास्टिकजवळ तो लावू नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

जोडणी आणि केबल जुळवणे

बेस परत ठेवण्याआधी खालचा रबरी पडदा नीट बसलाय ना ते बघा. तो राहून गेला तर आवाज, गरम हवा, पाणी आणि सायलेन्सरचा धूर आत येण्याची वाट मोकळी राहते. नट समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने आवळा, आधी सगळे हाताने, मग टॉर्क रेंचने. अंदाज हवा म्हणून सांगतो: ८.८ दर्जाच्या पोलादी एम६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर आणि एम८ ला २५ ही वरची मर्यादा समजा. आटे प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियममध्ये असतील तर त्याहून बरंच कमी.

केबल जुळवायची तर तत्त्व सगळीकडे एकच. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडा न्यूट्रलमध्ये, आणि दोघं पक्के धरलेले असताना मधली केबल लॉक करायची. कित्येक बेसमध्ये दांडा न्यूट्रलला अडकवायला छोटं भोक असतं, त्यात योग्य मापाचा ड्रिल बिट घालतात. काही गिअरबॉक्समध्ये भुजाही अशीच दाबून किंवा पिन घालून अडकवता येते. केबलवरचं लॉक उघडा, केबलला तिची जागा आपोआप घेऊ द्या, लॉक बंद करा, पिना काढा. दांडा डोळ्यांना सरळ दिसतो म्हणून तो न्यूट्रल आहे असं मानू नका. कित्येक गाड्यांत तो मुळातच किंचित मागे झुकलेला असतो. भोक नसेल तर सुरुवातीच्या न्यूट्रलच्या रेघेवर भुजा आणून लॉक करा. तुमच्या केबलला लॉकच नसेल तर हा भाग सोडून द्या.

तपासणी

कन्सोल अजून लावू नका. इंजिन बंद, क्लच दाबून सगळे गिअर टाका. उभ्या गाडीत एखादा गिअर पडत नसेल तर क्लच सोडून गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा बघा. दातासमोर दात आला की असं होतं, तो दोष नाही. आता मदतनीस आत, तुम्ही बॉनेटजवळ. प्रत्येक गिअरला भुजा जुन्या रेघेवर येते का? तिसऱ्यात दोन मिलिमीटर कमी आणि चौथ्यात दोन जास्त असेल तर केबल पुन्हा जुळवा. दोन्हीकडे कमी पडत असेल तर कुठेतरी काहीतरी अडतंय, खालून टॉर्च मारून शोधा.

मग कन्सोल आणि बूट लावा आणि हीच तपासणी पुन्हा करा. हो, पुन्हा. बुटाचं गोळा झालेलं कातडं किंवा घडी पडलेला फोम गिअर अडवू शकतो, आणि तो फक्त कन्सोल लावल्यावरच अडवतो.

बॅटरी जोडा आणि एअरबॅगचा दिवा लागून विझतो ना ते पाहा. ब्रेक दाबून इंजिन सुरू करा, पहिला आणि रिव्हर्स टाकून बघा, पाठीमागचा पांढरा दिवा लागतो ना तेही. रिव्हर्सचा अडसर मुद्दाम फसवायचा प्रयत्न करा: उभ्या गाडीत, क्लच दाबून, कडी न ओढता रिव्हर्सकडे दांडा ढकला. तो गेला तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रस्त्यावर पहिल्यांदा मोकळी जागा आणि कमी वेग. प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेग घ्या आणि अॅक्सिलरेटर झटक्यात सोडा. दांडा जागेवरच राहायला हवा. तो बाहेर येत असेल तर तसाच चालवू नका, अर्धवट गुंतलेले दात कडेने घासून गोल होतात आणि मग गिअरबॉक्सच उघडावा लागतो. पाचव्यातून चौथ्यात येताना सुरुवातीला दांडा स्प्रिंगच्या भरवशावर मधे येऊ द्या. नव्या, आखूड अंतरात हात सवयीने जास्त ओढतो आणि चौथ्याऐवजी दुसरा सापडतो. वेगात तसं झालं तर इंजिनाची वाट लागते.

पहिले काही दिवस गिअर कडक वाटेल. इंजिन आणि गिअरबॉक्स थंड असताना जास्तच, कारण गिअर ऑइल दाट असतं. मऊ व्हावं म्हणून मनाने वेगळं ऑइल भरू नका. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-४ च घाला. जीएल-५ मधली रसायनं काही पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

पाचशे किलोमीटर झाले की बूट उचलून नट एकदा टॉर्क रेंचने तपासा आणि केबलच्या क्लिपा हाताने हलवून पाहा. जुना दांडा, वाटी आणि वॉशर एका पिशवीत, फोटोंचा क्रम कागदावर लिहून, डिकीत नाही तर घरात ठेवा. गाडी वॉरंटीत असेल किंवा उद्या विकायची झाली तर ते परत लागतील.